मंदीत उपग्रह उडवणारे डिशवाले : वेडे की हुशार?

केळीचं_खोड :
राम राम मंडळी,

आखाजीला गावी जाऊन आलो (चोपडा तालुका). ऊन उतरल्यावर गच्चीवर गेलो आणि रिकामा उद्योग म्हणून गल्लीतल्या टीव्हीच्या छत्र्या (डिश) मोजल्या. अकरा भरल्या. त्यातल्या चालू किती? चार. एका छत्रीत शेजारच्या काकूंनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. एक खुराड्यावर झाकण म्हणून. एकीची भोकं डांबरानं बुजवून चिमण्यांना पाणी ठेवलेलं. उरलेल्या चार नुसत्याच गंजत उभ्या, तोंड आभाळाकडे. भाच्याला विचारलं तर म्हणे, "मामा, टीव्ही कोण बघतं आता?"

आता माझा प्रश्न. करोनाचा दणका ओसरतो न ओसरतो तोच, जून २०२२ मध्ये जीसॅट-२४ उपग्रह उडाला आणि त्याची सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेनं घेतली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डिश नेटवर्कनं एकोस्टार-२५ची ऑर्डर दिली. तिकडेही गिऱ्हाईक गळतंच आहे. २००८-०९ च्या मंदीत बँका बुडत होत्या आणि डिशवाल्यांचे उपग्रह मात्र एकामागून एक वर चालले होते. धंदा बसलेला असताना एवढा पैसा आभाळात फेकायचा याला काय म्हणायचं? हे लोक वेडे आहेत की मलाच काही कळत नाही?

ता.क. आमच्या घरची छत्री त्या चालू चारांपैकी होती. परवापासून तीही बंद आहे. कंपनीचं नाव घेत नाही, पण माणूस पाठवायचेच एवढे पैसे सांगतात की वडील म्हणाले, राहू दे, भजनं मोबाइलवर ऐकतो.

भुसावळ_जंक्शन :
पहिला! रुमाल टाकून ठेवतो, गाडी सुटली की सविस्तर लिहितो.

तर्रीवाली_शेवभाजी :
अकरापैकी चार? आमच्या पारोळ्यात अजून बऱ्या आहेत मग. मोजून सांगते.

पुण्यात_अडकलेला_पाचोरेकर :
सरळ उत्तर : वेडे. डीटीएच संपलंय हो. ट्रायचेच आकडे बघा, मार्च २०२१ ला ६ कोटी ९५ लाख गिऱ्हाईक होतं, मार्च २०२४ ला ६ कोटी २० लाखांवर आलं. तीन वर्षांत पाऊण कोटी घरं गेली. अमेरिकेत एटी अँड टीनं २०१५ मध्ये जवळपास ४९ अब्ज डॉलर मोजून डायरेक्टीव्ही घेतली आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचेच साहेब जॉन डोनोव्हन जाहीर सांगून मोकळे झाले की आम्ही आमचा शेवटचा उपग्रह तयार करून घेतला, आता पुढे नाही. टी-१६ नावाचा तो उपग्रह जून २०१९ मध्ये गेला. ज्यांना कळलं ते थांबले. ज्यांना कळत नाही ते ऑर्डरी देताहेत.

तर्रीवाली_शेवभाजी :
पाचोरेकर, पुण्यात फायबर दारात येतं म्हणून बोलता येतं हो. (दिवे घ्या)

छत्रीवाले_नाना :
केळीचं खोड भाऊ, धागा मन्हा मनमधला काढला. हात शिवशिवले म्हणून लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी अमळनेर भागात १९९२ पासून या धंद्यात. आधी केबल, मग डीटीएच, आता गुडघे म्हणतात बस. तुम्ही मंदीचं विचारता. मी धंद्यात पडलो त्याच्या आदल्या वर्षी देशाचं सोनं गहाण पडलं होतं. १९९१ च्या जुलैमध्ये ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं, तेव्हा जळगावच्या सराफ बाजारात लोक अशा चेहऱ्यानं बोलायचे की जणू घरातलंच मंगळसूत्र गेलंय. आणि त्याच वर्षी स्टार टीव्ही सुरू झाला. म्हणजे आपल्याकडे आभाळातला टीव्ही आला तोच मुळी कडकीत. १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी आलं, मग तर लोक दारात येऊन बसायला लागले.

पहिली छत्री आम्ही इथल्याच वेल्डरकडून करून घेतली. बारा फुटी. लोखंडी पट्ट्या वाकवून सांगाडा, वर बारीक जाळी तारेनं शिवलेली. पट्ट्यांचा वाक बरोबर आहे का बघायला प्लायवुडचा एक साचा कापला होता, तो अजून माझ्या माळ्यावर आहे. वाक अर्धा इंच चुकला की चित्रात मुंग्या. छत्री खूप पूर्वेकडे झुकवावी लागायची, कारण स्टारचा तो उपग्रह, एशियासॅट-१, होता १०५.५ अंश पूर्व रेखांशावर, पार तिकडे. रात्री दोघं वर, एक खाली टीव्हीपाशी. खालचा ओरडणार "आलं, आलं... गेलं!" आणि गल्लीतली कुत्री भुंकणार.

आता गंमत ऐका. तो एशियासॅट-१ सेकंडहँड होता! खरं सांगतो. आधी त्याचं नाव वेस्टार-६. १९८४ च्या फेब्रुवारीत चॅलेंजर यानातून सोडला, त्याची मोटर नीट पेटली नाही, भलत्याच कक्षेत अडकला. विमा कंपन्यांनी पैसे भरले आणि तो त्यांच्या मालकीचा झाला. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यान गेलं, अंतराळवीरांनी त्याला हातानं धरून यानात भरला आणि खाली आणला. डागडुजी करून विकला हाँगकाँगच्या कंपनीला आणि १९९० च्या एप्रिलमध्ये चिनी रॉकेटवरून परत वर. आपण खान्देशात वर्षानुवर्षं जे बघितलं ते जुन्या बाजारातल्या मालावरून.

तर सांगायचा मुद्दा : उपग्रहवाले मंदीत पैसा उधळतात असं नाही. मंदीत कुठला माल कुणाकडून घ्यायचा हे त्यांना चांगलं कळतं. बाकी उद्या लिहितो, लाईट गेली.

ता.क. भाऊ, घरची छत्री बंद आहे म्हणता, बॉक्सवर सिग्नलचा आकडा किती दिसतो ते बघा.

सातपुड्याची_लेक :
नाना, "आलं आलं गेलं" वाचून डोळ्यांसमोर आमचे आप्पा उभे राहिले :)

हिशेबनीस_धुळे :
नानांचं लिखाण झकास, पण मूळ प्रश्नाकडे येऊ. आकड्यांत बोलतो, सवय आहे.

एक मोठा प्रसारण उपग्रह, त्याचं रॉकेट आणि विमा मिळून २५ ते ३० कोटी डॉलरचा विषय. ऑर्डर दिल्यापासून वर जाईपर्यंत साधारण तीन वर्षं. म्हणजे २००९ मध्ये जे उपग्रह उडताना दिसले ते अमेरिकेतली लेहमन बँक बुडायच्या (१५ सप्टेंबर २००८) कितीतरी आधी ठरलेले होते. मंदीत उडाला म्हणजे मंदीत ठरला असं नव्हे. पोरीचं लग्न ठरलं, हॉल, आचारी, बस सगळ्यांना आगाऊ दिले आणि मग कापसाचा भाव पडला. लग्न मोडतं का? दिलेले आगाऊ बुडवण्यापेक्षा लग्न लावणं स्वस्त पडतं.

आता जे खरंच मंदीत ठरले, त्यांचं बघा. बँका हात वर करत होत्या तेव्हा सरकारी निर्यात पतसंस्था पुढे आल्या. २००९ मध्ये ग्लोबलस्टारला ५८ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज मिळालं ते फ्रान्सच्या कोफासनं हमी घेतली म्हणून. कारण उपग्रह बनवणार होती फ्रान्सचीच थालेस अलेनिया. त्यांच्या कारखान्याला काम, ह्यांना पैसा. ग्लोबलस्टार टीव्हीवाली नाही, फोनवाली आहे हे मान्य, पण रीत तीच.

तिसरं, गिऱ्हाईक. डायरेक्टीव्हीचं अमेरिकेतलं गिऱ्हाईक २००८ अखेर १ कोटी ७६ लाख होतं, २००९ अखेर १ कोटी ८५ लाख झालं. ऐन मंदीत वाढलं. बाहेर जेवायला जायचं बंद होतं, पण घरातला टीव्ही सगळ्यात शेवटी बंद होतो.

पुण्यात_अडकलेला_पाचोरेकर :
हिशेबनीस, ते २००९ होतं, मोबाइलवर सिनेमा दिसत नव्हता. आज टीव्हीच सगळ्यात आधी बंद होतो. खोडभाऊंच्या गल्लीत बघा की, अकरात चार.

आणि ठरलेलं लग्न लावून कोण कोण कंगाल झालं तेही लिहा. टेरेस्टार-१, १ जुलै २००९ ला उडाला, सुमारे सात टनांचा, तेव्हाचा सगळ्यात जड व्यापारी उपग्रह. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात कंपनी दिवाळखोरीत. समुद्रातून रॉकेट सोडणारी सी लाँच, जून २००९ मध्ये दिवाळखोरीत. सिरियस एक्सएम रेडिओ फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच दारात उभी होती, लिबर्टी मीडियानं ५३ कोटी डॉलर उसने दिले म्हणून वाचली.

हिशेबनीस_धुळे :
आणि त्याच सिरियसनं त्याच वर्षी ३० जूनला नवा उपग्रह वर पाठवला. कारण जुने म्हातारे होत होते. माझ्याच मुद्द्याला पुरावा दिलात, आभार.

रावेरचा_बागायतदार :
साधी गोष्ट आहे, केळीवाल्याला विचारा. भाव पडलेला असतानाच लागण करावी. आज लावलेला बाग अकरा-बारा महिन्यांनी कापणीला येणार. आजचा भाव बघून लावणारा नेहमी फसतो. सगळे घाबरून लागण कमी करतात, मग पुढच्या साली माल कमी, व्यापारी बांधावर येऊन उभा. उपग्रहाचंही तेच. मंदीत ऑर्डर द्या, तेजीत वर.

केळीचं_खोड :
हे पटलं! आयडीला शोभेल असं उत्तर मिळालं.

हिशेबनीस_धुळे :
मला नाही पटलं. बागायतदार भाऊ, राग मानू नका. केळी पडली तर तुम्ही पुढच्या साली हरभरा घ्याल, कपाशी घ्याल. बाग उपटायची सोय आहे. उपग्रह एकदा वर गेला की १५ वर्षं तोच, तिथंच, तेच काम. आणि त्याचा खर्च एका गिऱ्हाइकाला जेवढा तेवढाच एका कोटीला. गिऱ्हाईक वाढतं तेव्हा हे अमृत, घटतं तेव्हा विष. उपग्रह केळीचा बाग नाही, ती विहीर आहे. पाणी लागलं तर पिढ्या खातात, नाही लागलं तर कर्ज राहतं आणि खड्डा राहतो.

रावेरचा_बागायतदार :
विहीर म्हणा. पण जुनी विहीर ढासळायला लागली तर नवी खणावीच लागते ना? भाव पडला म्हणून बागाला पाणी द्यायचं सोडतो का?

छत्रीवाले_नाना :
लाईट आली. वरचं सगळं वाचलं. बागायतदार भाऊ, तुन्हं खरं शे. मी तेच सांगणार होतो, पण खालून, म्हणजे शिडीवरून.

उपग्रह वर ३५,७८६ किलोमीटरवर. पृथ्वीबरोबर फिरतो म्हणून आपल्याला एका जागी दिसतो. पण तो आपोआप एका जागी राहत नाही, चंद्र-सूर्य ओढतात त्याला. सारखं थोडं थोडं इंधन जाळून जागेवर आणावा लागतो. ते इंधन साधारण १५ वर्षं पुरतं. संपत आलं की शेवटच्या घोटावर त्याला आणखी वर ढकलून सोडून देतात. हे त्याचं वय. त्या वयाला मंदी-तेजी माहीत नसते. बैल म्हातारा झाला म्हणजे झाला, त्या साली दुष्काळ असला तरी.

आता मुख्य गोष्ट. कंपनीची मालमत्ता काय? बॉक्स नाही, ऑफिस नाही. लाखो घरांवरच्या छत्र्यांची तोंडं एका दिशेला आहेत, ही मालमत्ता. आपल्या इथून टाटा प्लेचा ८३ अंशावरचा उपग्रह दक्षिणेकडून जरा पूर्वेला पडतो. सरकारी फ्री डिशचा जीसॅट-१५ आहे ९३.५ अंशावर, म्हणजे छत्री पार आग्नेयेला. गल्लीत उभं राहून मी नुसत्या तोंडावरून कुठली कंपनी ते सांगतो. हे तोंड एक बोट हललं की चित्र गेलं. आणि ते तोंड फिरवायला प्रत्येक घरी एक माणूस, एक शिडी, एक पाना. संगणकावर बटण दाबून होत नाही.

२०१० च्या जुलैमध्ये इन्सॅट-४बी ची अर्धी वीज गेली. सन डायरेक्ट ही डीटीएच कंपनी त्याच्यावर होती. तिला मलेशियाच्या मीसॅट-३ कडे जावं लागलं. दक्षिणेत किती शिड्या लागल्या असतील विचार करा. त्याच्याआधी २००६ च्या १० जुलैला इन्सॅट-४सी श्रीहरिकोट्याहून उडाला आणि बंगालच्या उपसागरात गेला. डीटीएचसाठीचे १२ केयू बँड (लहान छत्रीला चालणाऱ्या लहरींचे) ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं, होती त्यात. १४ महिन्यांत त्याच्या जागी ४सीआर पाठवला. का एवढी घाई? जागा आणि तोंड.

म्हणून जीसॅट-२४ कुठे गेला? ८३ अंशावरच. गच्चीवरच्या एकाही छत्रीला हात लावायला लागू नये म्हणून. तो नवीन गिऱ्हाइकासाठी नाही हो, आहे ते गिऱ्हाईक एका सकाळी अंधारात जाऊ नये म्हणून आहे.

सातपुड्याची_लेक :
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत), नाना. "लाखो छत्र्यांची तोंडं" हे भारी आहे.

भुसावळ_जंक्शन :
आलो. रुमालाचं सविस्तर.

नानांनी जागा म्हटलं म्हणून सांगतो, वर पण एसटीच चालते. आभाळातल्या जागा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंदवाव्या लागतात. नोंद केली म्हणजे खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. पण रुमाल टाकून चहा प्यायला गेलात तर? सात वर्षांत तिथं खरा उपग्रह आणून बसवला नाही तर हक्क जातो. आणि असलेला उपग्रह मेला, जागा रिकामी राहिली, तरी ठराविक मुदतीत परत भरावी लागते. मंदी आहे, जरा थांबतो, असं कंडक्टरला सांगून चालत नाही. मागचा उभाच असतो, "दादा, सरका."

म्हणून कित्येक कंपन्या मंदीत उपग्रह पाठवतात त्यात धंद्याचा हिशेब अर्धा, रुमाल राखायचा हिशेब अर्धा. माझा हा प्रतिसाद पण रुमाल राखायलाच होता, कबूल.

तर्रीवाली_शेवभाजी :
हाहाहा. चोपडा गाडीत माझ्या रुमालावर बसलेला माणूस तुम्हीच का?

भुसावळ_जंक्शन :
ताई, तो रुमाल होता? मला वाटलं फडकं.

पुण्यात_अडकलेला_पाचोरेकर :
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत एक दुरुस्ती. खोडभाऊंनी "डिशवाल्यांनी उपग्रह उडवले" लिहिलंय ते भारतापुरतं चूक आहे. इथं कंपन्या उपग्रहाच्या मालक नसतात, भाड्यानं घेतात. जीसॅट-२४ एनएसआयएलचा, म्हणजे इस्रोच्या व्यापारी कंपनीचा. टाटा प्ले फक्त भाडेकरू. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग उपग्रह बांधा, या पद्धतीचा तो त्यांचा पहिलाच. म्हणजे पैसा आभाळात फेकला तो आपल्याच खिशातला.

हिशेबनीस_धुळे :
दुरुस्ती बरोबर, निष्कर्ष चूक. खंडानं शेत दिलंय असं समजा. मालकाला खंड मिळतो, पीक आलं न आलं ही खंडकऱ्याची चिंता. आधी भाडेकरू पक्का करून मग बांधलं, ह्याच्याइतकं सावध काम सरकारात क्वचित होतं.

उलट परदेशी उपग्रहावर जागा घेतली तर भाडं डॉलरमध्ये. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या आत होता, पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत ५० च्या वर गेला. तुम्ही काहीही न करता भाडं पंचवीस टक्क्यांनी वाढलं. बॉक्सही तेव्हा बाहेरून यायचे. मंदीत डिशवाल्यांना गिऱ्हाइकापेक्षा डॉलरनं जास्त मारलं.

छत्रीवाले_नाना :
आणि तरी त्याच वर्षी, ऑगस्ट २००८ ला रिलायन्सचा बिग टीव्ही आला, ऑक्टोबरात एअरटेल आलं, २००९ ला व्हिडिओकॉन. जगात रडारड आणि माझ्याकडे बॉक्सचे ढीग. त्या दोन वर्षांत जेवढ्या छत्र्या बसवल्या तेवढ्या आयुष्यात नाही. दिवसाला नऊ-दहा. मे महिन्यात पत्र्यावर चढायचं म्हणजे गोणपाट ओलं करून गुडघ्याखाली घ्यायचं, नाहीतर कातडी निघते. भरदुपारी पाना हातात धरवत नाही. एक पोरगा नुसता पान्यावर पाणी टाकायला.

त्या तिघांतला आज आपल्या नावानं एकटा एअरटेल उरलाय. व्हिडिओकॉनचं डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत गेलं. पत्र्यावर तिघांच्याही छत्र्या अजून आहेत म्हणा.

मोलगीचा_मास्तर :
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी अक्कलकुवा तालुक्यात डोंगरात शिकवतो. इथं फायबर नाही. मोबाइलला रेंज हवी तर शाळेमागच्या टेकडीवर जावं लागतं, तिथं एका सागाला खिळा मारलाय, त्या खिळ्याला फोन टांगला की मेसेज येतात. आम्ही त्याला टॉवर म्हणतो.

पण पाड्यावर नऊ छत्र्या आहेत, सगळ्या चालू, सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून. फ्री डिश. एकदा बॉक्स घेतला की महिन्याचं काही नाही. वीज नसते तेव्हा एकानं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवलाय. पाचोरेकर भाऊ, तुम्ही ट्रायचा आकडा दिलात तो पैसे भरणाऱ्यांचा. डीटीएच सोडलेले सगळे मोबाइलवर गेले नाहीत. बरेच इकडे आले.

पुण्यात_अडकलेला_पाचोरेकर :
मास्तर, हे मी मोजलं नव्हतं, मान्य. पण मग महिन्याला पैसे घेणारी कंपनी नवा उपग्रह कशाला घेते हा प्रश्न उलट जास्तच टोकदार झाला. एकीकडे फायबर खातंय, दुसरीकडे फुकटवाला.

सातपुड्याची_लेक :
अवांतर. मास्तर, सागाचा खिळा वाचून हसू पण आलं आणि माहेरपण आठवलं. आमच्याकडे कानबाईच्या रोटांच्या दिवशी सगळी भावकी एका घरी जमते. त्या वर्षी छत्री मोठ्या काकांकडेच होती. रात्री जागरणाला बायका गाणी म्हणत होत्या आणि आतल्या खोलीत पुरुष मॅच बघत होते. बरोबर शेवटच्या षटकात पाऊस आला आणि चित्र गोठलं, गोलंदाज एक पाय वर. आजी म्हणाली, "कानबाई कोपनी." तेव्हापासून रोटांच्या दिवशी आमच्याकडे टीव्ही बंदच.

नाना, पावसात का जातं हो चित्र?

छत्रीवाले_नाना :
लेक, केयू बँडची लहर बारीक असते, मोठ्या थेंबांत जिरते. जुनी बारा फुटी सी बँडवर होती, ती पावसाला भीत नव्हती. आपण छत्री लहान करून घेतली आणि पाऊस विकत घेतला.

आणखी एक. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरात असाच पहिल्या आठवड्याच्या आसपास, दिवसा काही मिनिटं चित्र जातं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्री सूर्याचाच गोंगाट ऐकत बसते. आठवडाभर रोज ठरल्या वेळी. मी गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायचो, "मंगळवारी दुपारी जाईल, पाच-दहा मिनिटांत येईल." लोकांना वाटायचं नानाला काही विद्या आहे. मी पण नाही म्हणायचो नाही.

तर्रीवाली_शेवभाजी :
नानांना साष्टांग. अशी विद्या असती तर मी कुकरच्या शिट्ट्यांवर वापरली असती.

रावेरचा_बागायतदार :
आमच्या इकडे जूनच्या तोंडावर वादळ येतं, त्यात बाग पण आडवा आणि छत्री पण. बागाचा पंचनामा होतो, छत्रीचा होत नाही.

हिशेबनीस_धुळे :
पाचोरेकरांचा प्रश्न टोकदार आहे, टाळू नये. माझं उत्तर : नवीन गिऱ्हाईक मिळेल म्हणून उपग्रह घेणं आणि आहे ते टिकवायला घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलं आज कुणी शहाणा करणार नाही. दुसरं तोपर्यंत परवडतं, जोपर्यंत उरलेलं गिऱ्हाईक उरलेल्या खर्चाला पुरतं. एटी अँड टीनं हिशेब करून ठरवलं की आहे त्या उपग्रहांच्या वयात धंदा आटोपेल. डिश नेटवर्कनं हिशेब केला की आणखी एक उपग्रह पुरेल इतकी वर्षं गिऱ्हाईक राहील. दोघांनी एकच खातेवही बघून वेगळा आकडा काढला. कुणाचा बरोबर ते कळायला दहा वर्षं आहेत.

पण मंदीत सगळ्यात हुशार तो, जो स्वतः उपग्रह बांधत नाही, बुडालेल्याचा घेतो. उपग्रहावरून फोन देणाऱ्या इरिडियमनं सुमारे ५ अब्ज डॉलर ओतून ६६ उपग्रहांचं जाळं विणलं, १९९९ च्या ऑगस्टमध्ये दिवाळं. नंतरच्यांनी सगळं मिळून अडीच कोटी डॉलरला घेतलं. उपग्रहावरून इंटरनेट देणारी वनवेब २७ मार्च २०२० ला, करोना नुकता सुरू होतोय तेव्हा दिवाळखोरीत गेली. ब्रिटन सरकार आणि आपल्या एअरटेलवाल्या भारतीनं ती उचलली. मग २०२२ च्या ऑक्टोबरात आणि २०२३ च्या मार्चमध्ये इस्रोच्या रॉकेटनं तिचे ३६-३६ उपग्रह सोडले. लिलावात बैल घेणारा नेहमी दुसरा असतो.

छत्रीवाले_नाना :
हिशेबनीस, म्हणजे परत वेस्टार-६. मी पहिल्याच प्रतिसादात सांगून ठेवलं होतं.

हिशेबनीस_धुळे :
कबूल, नाना. मी पाच परिच्छेद फिरून तिथंच आलो.

पुण्यात_अडकलेला_पाचोरेकर :
बरं, मी "वेडे" मागे घेतो. "हट्टी" ठेवतो.

तर्रीवाली_शेवभाजी :
मोजून आले. पारोळ्यात आमच्या गल्लीत सोळा. चालू नऊ, त्यातल्या पाच आग्नेयेकडे. नानांनी शिकवल्याप्रमाणे बोटानं दिशा धरून बघितल्या. शेजारच्या आजी विचारत होत्या, पोरी वास्तू बघतेस का.

केळीचं_खोड :
सगळ्यांचे आभार. माझ्या गल्लीतल्या बंद सात छत्र्यांकडे आता वेगळ्या नजरेनं बघतोय. खुराड्यावरची सोडून बाकी वापरात नसलेल्या सगळ्यांची तोंडं अजून ८३ अंशाकडेच आहेत की काय, पुढच्या फेरीत बघतो.

नाना, घरच्या छत्रीचं. भाच्याकडून फोनवर बघून घेतलं. सिग्नलचा आकडा शून्य नाही, पण अगदी कमी, आणि दुपारी थोडा वाढतो, सकाळी अजिबात नाही. छत्री हललेली दिसत नाही, खुणेचा रंग जागेवर आहे. वायर नवीनच आहे.

छत्रीवाले_नाना :
दुपारी वाढतो म्हणता? मग छत्रीला हात लावू नका. पुढे दांड्यावर जो एलएनबी (सिग्नल पकडणारा डबा) आहे त्याच्या तोंडावरची पांढरी टोपी बघायला सांगा. आपल्या उन्हानं ती दोन-तीन वर्षांत तडकते आणि तुकडे पडतात. मग कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. ओली माती सिग्नल खाते, दुपारी वाळली की थोडा सोडते. काडीनं काढा, कडुनिंबाची बारीक काडी घ्या. स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा नाही, आत एक नाजूक पिन असते, ती वाकली की मग खरंच माणूस बोलवावा लागेल.

केळीचं_खोड :
नाना!! होतं! भाच्यानं फोटो पाठवलाय, मातीच्या चार नळ्या एकाला एक चिकटलेल्या, आत हिरव्या अळ्या. त्यानं त्या खुराड्यात टाकल्या, कोंबड्या खूश. सिग्नल फुल्ल. वडील बातम्या लावून बसलेत आणि आई म्हणतेय, आवाज कमी करा.

टोपी मात्र फुटलीय, नवी तालुक्याला मिळेल का?

छत्रीवाले_नाना :
मिळाली तर घ्या. तोवर दुधाच्या पिशवीचा तुकडा धुऊन, वाळवून तोंडावर ताणून रबरानं बांधा. छपाईचा भाग नको, साधा बघून घ्या. पावसाळा त्याच्यावर निघतो.